कर्नेलमधली स्ट्रिंग फंक्शन्स वेगवान करा, पण धुरा ओलांडू नका

विहिरीवरच्या मोटरपंपाचा कंट्रोलर, गावच्या टाकीची पातळी मोजणारा लॉगर, जिनिंगमधला वजनकाटा. यांच्या डब्यात आता बऱ्याचदा रास्पबेरी पायसारखा एखादा स्वस्त बोर्ड असतो, त्यावर लिनक्स आणि सेन्सरसाठी कोणीतरी लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) चालणारा, सेन्सरशी बोलणारा कोड. गावाचं नाव, फीडरचं नाव, सेन्सरचा नंबर अशा स्ट्रिंग्ज त्या ड्रायव्हरमध्ये दिवसभर या बफरातून (मेमरीतल्या ठरावीक आकाराच्या जागेतून) त्या बफरात जात असतात. हे काम मर्यादा तपासणाऱ्या फंक्शनांनीच करायचं असतं. कर्नेलमध्ये बफरच्या धुऱ्यापलीकडचं वावर दुसऱ्याचं असतं, आणि तिथे एक बाइट जरी पडला तरी नुकसान कोणाच्या पिकाचं होईल ते सांगता येत नाही. ही तपासणी जागेवर ठेवून वेग कसा वाढवायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण थेट बिटांच्या करामतीला हात घालतात. ती करामत खाली आहेच, पण तिच्याआधी मोजमाप येतं, मग अनावश्यक काम काढून टाकणं, मग योग्य फंक्शन निवडणं. बहुतेक ड्रायव्हरांचं काम तेवढ्यातच भागतं.

फंक्शनांची नावं आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत: स्ट्र-एन-लेन (मर्यादेत लांबी मोजणारं), स्ट्र-एस-कॉपी (मर्यादेत स्ट्रिंग कॉपी करणारं), मेम-कॉपी (सांगितले तितके बाइट कॉपी करणारं). कोडमध्ये 'कॉपी'च्या जागी सी-पी-वाय ही तीनच अक्षरं असतात, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला सांगायला नको.

आधी मोजा

ड्रायव्हर नेहमीच्या कामावर लावा आणि पर्फने (वेळ कुठे जातो ते दाखवणारं लिनक्सचं साधन) संपूर्ण सिस्टिमचं ३० सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्या, कॉल-ग्राफसकट (कोण कोणाला बोलावतं त्या नोंदीसकट). स्ट्रिंग फंक्शन्स एकूण वेळेच्या एक-दोन टक्क्यांच्या आत असतील तर हा विषय तिथेच सोडा. त्याहून जास्त असतील तर कोणतं फंक्शन, कोणाकडून बोलावलं जातंय ते बघा. नव्या कर्नेलांत स्ट्र-एस-कॉपी हा मॅक्रो आहे. त्यामागच्या खऱ्या फंक्शनाच्या नावापुढे 'साइझ्ड' लागलेलं असतं, त्यामुळे रिपोर्टात जुनं नाव शोधत बसू नका.

दुसरी गोष्ट, स्ट्रिंग्ज किती लांबीच्या येतात? बीपीएफट्रेसने (चालू कर्नेलमध्ये डोकावणारं साधन) स्ट्र-एन-लेनच्या परतीवर प्रोब लावून उत्तरांचा हिस्टोग्राम काढा. हा प्रोब फक्त लांबीसाठी वापरा, वेळ मोजायला नको. इतक्या छोट्या फंक्शनाला प्रोबचाच खर्च त्याच्या कामाहून कितीतरी जास्त येतो. शिवाय जिथे कंपायलरने फंक्शन इनलाइन केलंय (कॉलऐवजी कोडच तिथे टाकलाय) ते कॉल या हिस्टोग्रामात येणारच नाहीत. ड्रायव्हरांत येणारी नावं सहसा १६ बाइटांच्या आतबाहेर असतात. तुमचा हिस्टोग्रामही तसाच निघाला तर पुढची निम्मी मेहनत वाचली.

मग छोटं टेस्ट मॉड्यूल लिहा. त्यात चार ठिकाणी हमखास फसगत होते.

पहिली, घड्याळ. रास्पबेरी पाय ४ चा सिस्टिम काउंटर ५४ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एका टिकटिकीला साधारण १८.५ नॅनोसेकंद. १२ बाइटांच्या नावाची लांबी त्याहून कमी वेळात निघू शकते. एका कॉलच्या आधी आणि नंतर वेळ घेऊन वजाबाकी केली तर शून्य येईल किंवा १८, आणि दोन्ही निरर्थक. एका मापात किमान काही हजार कॉल घ्या, अशी २०-३० मापं घ्या आणि सरासरीऐवजी मधलं माप धरा.

दुसरी, कंपायलर. एकाच बफरावर स्ट्र-एन-लेन लाख वेळा बोलावलं तर उत्तर बदलणार नाही हे कंपायलर ओळखतो, कॉल लूपच्या बाहेर काढतो, आणि तुम्ही रिकामा लूप मोजत बसता. कर्नेलमधला 'ऑप्टिमायझर हाइड व्हार' हा मॅक्रो पॉइंटरवर प्रत्येक फेरीत लावा, म्हणजे पॉइंटरचं मूल्य त्याला गृहीत धरता येत नाही.

तिसरी, ब्रँच प्रेडिक्टर, म्हणजे कोड पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग. दर वेळी नेमकी १२ च लांबी दिली तर प्रोसेसर तेराव्या बाइटला थांबायचं हे शिकून घेतो. खऱ्या कामात लांब्या मिसळलेल्या असतात. आधी काढलेल्या हिस्टोग्रामातूनच १०२४ लांब्यांची एक सारणी बनवा आणि तिच्यावर फिरा.

चौथी फसगत आपल्या भागातली आहे: ऊन. मे महिन्यात, त्यातही नवतप्यात, टिनाच्या शेडमध्ये ठेवलेला बोर्ड दुपारी मोजायला घेतला तर सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळणार नाहीत. पाय ४ चं तापमान ८० अंशांना पोचलं की तो घड्याळ मंद करायला लागतो. गव्हर्नर (प्रोसेसरची वारंवारता ठरवणारा भाग) 'परफॉर्मन्स'वर टाकून हे टळत नाही, उलट बोर्ड लवकर तापतो. त्यापेक्षा कमाल आणि किमान वारंवारता दोन्ही ६०० मेगाहर्ट्झवर बांधा. वेग कमी दिसेल, पण जुन्या आणि नव्या कोडची तुलना खरी होईल. प्रत्येक फेरीनंतर व्हीसीजेनसीएमडी या पायच्या साधनाचा 'गेट थ्रॉटल्ड' हा आदेश चालवा. उत्तर शून्य आलं तरच माप धरायचं. तिथे शून्य क्रमांकाचा बिट चढलेला दिसला तर या क्षणी व्होल्टेज कमी पडतंय, १६ वा दिसला तर बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी पडलं होतं. पाय ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली गेला की ही तक्रार करतो. दोष लाइनचा असेलच असं नाही. मोबाइलचा चार्जर आणि बाजारातली बारीक तारेची केबल हीच जोडी बहुतेक वेळा कारण असते.

कामच कमी करा

सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. ज्या स्ट्रिंगची लांबी आधीच ठाऊक आहे ती पुन्हा मोजणं हा निव्वळ तोटा. सेन्सरचं नाव रजिस्टर करताना एकदा लांबी काढा, स्ट्रक्चरमध्ये नावाशेजारी ठेवा आणि पुढे मेम-कॉपी वापरा. मेम-कॉपीला शेवटचा शून्य बाइट (स्ट्रिंग इथे संपली ही खूण) शोधायचा नसतो, म्हणून ती नेहमीच पुढे जाते. एक अट आहे: मधल्या काळात ते नाव कोणी बदलू शकत नसेल तरच. नाव लॉकखाली असेल तर लांबी आणि नाव दोन्ही त्याच लॉकखाली वाचा. लांबी आधी काढली, मग दुसऱ्या कोअरने नाव बदललं, मग आपण कॉपी केली, तर कॉपीच्या शेवटी शून्य नसू शकतो.

जोडत जाण्याचा घोटाळा तर जवळजवळ प्रत्येक नवशिक्या ड्रायव्हरमध्ये सापडतो. समजा ६४ सेन्सरांची स्थिती एका फाइलमधून दाखवायची आहे, प्रत्येकाची ओळ २० बाइटांची. स्ट्र-एल-कॅटने एकेक ओळ जोडली तर दर वेळी ती आधीचा सगळा मजकूर सुरुवातीपासून चालत जाऊन शेवट शोधते. हिशेब करा: लिहायचे १२८० बाइट, आणि त्यासाठी नुसते चालावे लागतात ४०,३२० बाइट. पराटीची एक ओळ वेचायला दर वेळी घरापासून निघण्यासारखं आहे हे. किती लिहून झालं ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि तिथूनच पुढे लिहा. सिसएफएसच्या (ड्रायव्हरची माहिती फाइलींसारखी दाखवणारी कर्नेलची सोय) फाइलसाठी 'सिसएफएस एमिट ॲट' आहे. इतर ठिकाणी एस-सी-एन-प्रिंटएफ.

'सी' असलेलंच घ्या. साधं एस-एन-प्रिंटएफ हे किती लिहिलं ते सांगत नाही, जागा पुरली असती तर किती लिहिलं असतं ते सांगतं. त्याचं उत्तर ऑफसेटमध्ये मिळवत गेलात तर बफर भरल्यावर ऑफसेट बफरच्या आकारापेक्षा मोठा होतो, उरलेली जागा म्हणजे आकार वजा ऑफसेट, आणि चिन्ह नसलेल्या (अनसाइन्ड) संख्येत ही वजाबाकी अवाढव्य होते. लिनक्समध्ये आकार पूर्णांकाच्या कमाल मर्यादेपलीकडे दिसला तर आतलं फंक्शन इशारा छापून शून्य परत देतं, म्हणून जीव वाचतो. पण त्या जाळीच्या भरवशावर कोड लिहू नये.

कोणतं फंक्शन कुठे

स्ट्र-एन-कॉपीत दोन खोडी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेच्या. स्रोत लहान असेल तर उरलेली सगळी जागा ती शून्यांनी भरते: ५ बाइटांचं नाव २५६ च्या खणात टाकलं तर २५१ शून्य लिहिले जातात. आणि स्रोत खणाएवढा किंवा मोठा असेल तर शेवटी एकही शून्य टाकत नाही. म्हणजे ती एकीकडे संथ आणि दुसरीकडे घातक.

स्ट्र-एल-कॉपी १९९८ मध्ये ओपनबीएसडी २.४ बरोबर आली, शेवटचा शून्य नक्की टाकते, आणि म्हणून पुष्कळ दिवस चांगली मानली गेली. तिची खोट परत येणाऱ्या मूल्यात आहे. ती स्रोताची पूर्ण लांबी परत देते, म्हणजे ती काढण्यासाठी स्रोत शेवटपर्यंत वाचावाच लागतो. १६ बाइट हवेत आणि स्रोत ४००० बाइटांचा आहे, तरी ४००० वाचले जातात. त्याहून वाईट म्हणजे स्रोताला शून्यच नसेल तर वाचन थांबत नाही. सेन्सरच्या ईईप्रॉममधलं (वीज गेली तरी मजकूर धरून ठेवणाऱ्या चिपमधलं) १६ बाइटांचं नाव पूर्ण भरलेलं असेल तर नेमकं हेच होतं. लिनक्सने २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ६.८ आवृत्तीत ती काढून टाकली.

तिच्या जागी स्ट्र-एस-कॉपी वापरा. ही ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. ती मर्यादेपर्यंतच वाचते, शेवटचा शून्य टाकते, तो शून्य सोडून कॉपी झालेल्या बाइटांची संख्या परत देते आणि नाव मावलं नाही तर उणे ई-टू-बिग, म्हणजे उणे ७. हे उत्तर चिन्ह असलेल्या प्रकारातच घ्या. चिन्हविरहित व्हेरिएबलमध्ये घेऊन 'शून्यापेक्षा कमी आहे का' विचारलं तर ते कधीच खरं होणार नाही, आणि कापलेलं नाव पुढे निघून जाईल.

दोन अपवाद लक्षात ठेवा. स्ट्रक्चर जसंच्या तसं यूजर-स्पेसला (कर्नेलबाहेरच्या प्रोग्रामांना) किंवा डिस्कवर जाणार असेल तर उरलेली जागा भरणं गरजेचंच आहे, नाहीतर कर्नेलच्या स्टॅकवरचा जुना मजकूर बाहेर पडतो. तिथे वेग न बघता नावात 'पॅड' असलेली आवृत्ती घ्या. आणि ईईप्रॉमसारखा शून्याशिवायचा ठरावीक लांबीचा खण वाचायचा असेल तर त्यासाठी मेम-टू-स्ट्र आहे. यूजर-स्पेसचा पॉइंटर आला तर यांपैकी काहीच नाही: 'स्ट्र-एन-कॉपी फ्रॉम यूजर' वापरा. मर्यादेत शून्य सापडला नाही तर ती मर्यादेचाच आकडा परत देते आणि शेवटी शून्य टाकत नाही, तेवढं स्वतः तपासा.

आकाराची चूक. स्ट्र-एस-कॉपीला आकार देताना साइझऑफ ॲरेवर लावलं तर ठीक. तोच कोड नंतर एखाद्या फंक्शनात हलवला आणि ॲरेचा पॉइंटर झाला, की साइझऑफचं उत्तर ६४ बिटांच्या बोर्डवर ८ होतं. टेस्टमध्ये रोमन लिपीतलं 'नागपूर' टाकलं, सहा अक्षरं, व्यवस्थित बसतं. शेतावर 'यवतमाळ' टाकलं, रोमनमध्ये आठ अक्षरं, शून्यासकट नऊ, आणि शेवटचा 'एल' गळतो. फोर्टिफाय सोर्स (बफर ओलांडणं पकडणारी तपासणी) चालू ठेवलं तरी ते इथे ओरडणार नाही, कारण जागा खरं तर कमी पडलेली नसते. नव्या कर्नेलांत स्ट्र-एस-कॉपीला आकार न देता दोनच गोष्टी देता येतात. आकार ती ॲरेवरून स्वतः काढते आणि पॉइंटर दिला तर कंपाइलच होत नाही. जिथे ॲरे आहे तिथे हाच प्रकार घ्या.

एका वेळी आठ बाइट

हिस्टोग्राममध्ये खरोखरच लांब स्ट्रिंग्ज दिसल्या, फाइलींचे पाथ, डिव्हाइस-ट्रीमधली नावं, तर वर्डवार वाचन कामाचं आहे. मुळातला साधा लूप एकेक बाइट वाचतो, शून्य आहे का बघतो, मर्यादा संपली का बघतो. वर्डवार पद्धत ६४ बिटांच्या प्रोसेसरवर आठ बाइट एकदम वाचते आणि त्यात कुठे शून्य आहे का ते तीन क्रियांत ओळखते: वर्डमधून प्रत्येक बाइटला ०१ वजा करा, त्याचा मूळ वर्डच्या उलट्या बिटांशी अँड करा, त्याचा प्रत्येक बाइटला ८० असलेल्या मास्कशी अँड करा. उत्तर शून्य आलं तर या आठांत शून्य बाइट नाही. (०१, ८० आणि पुढचे बाइट हेक्समध्ये आहेत.)

'यवतमाळ' देवनागरीत घेऊन हे करून बघू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. य, व, त, म, काना, ळ ही सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट आणि मग शून्य. पहिल्या वर्डमध्ये ई०, ए४, एएफ, ई०, ए४, बी५, ई०, ए४ असे बाइट येतात. तिसऱ्या वर्डमध्ये ए४, बी३ आणि मग ००. तिसऱ्या वर्डवर क्रिया करा. ए४ मधून ०१ गेला, ए३ राहिला. त्याचा वरचा बिट चढलेला आहे, पण ए४ उलटा केला की ५बी, त्याचा वरचा बिट उतरलेला, म्हणून अँड केल्यावर काही उरत नाही. बी३ चंही तसंच. ०० मधून ०१ वजा केला की एफएफ, ०० उलटा केला की एफएफ, मास्कनंतर ८० उरतो. लिटल-एंडियन प्रोसेसरवर (जो पहिला बाइट सगळ्यात खालच्या बिटांत ठेवतो) हा २३ वा बिट. २३ ला ८ ने भागून पूर्णांक २, आधीचे दोन वर्ड १६, एकूण १८. लांबी बरोबर आली.

आता मधली पायरी, उलट्या बिटांशी अँड, गाळून बघा. इंग्रजी मजकुरावर सगळ्या टेस्ट पास होतील, कारण तिथे कोणत्याही बाइटचा वरचा बिट चढलेला नसतो. एक क्रिया वाचली म्हणून खूशही व्हाल. पण 'यवतमाळ'चा पहिलाच बाइट ई०, त्यातून ०१ गेला की डीएफ, वरचा बिट चढलेला, म्हणजे पहिल्याच बाइटला शून्य सापडल्याचा भास. लांबी शून्य. मराठी नावं असलेल्या बोर्डवर सगळी नावं रिकामी दिसतील आणि दोष फॉन्टवर जाईल. म्हणून टेस्टमध्ये देवनागरी मजकूर असलाच पाहिजे.

पूर्ण सूत्रातही एक बारीक भास उरतो: खऱ्या शून्याच्या लगेच वरच्या बाइटमध्ये ०१ असेल तर उसना घेतल्यामुळे तोही शून्यासारखा दिसतो. लिटल-एंडियनवर आपण सगळ्यात खालचा बिट घेतो, म्हणून फरक पडत नाही. बिग-एंडियनवर पडतो, आणि तिथे वेगळं, थोडं महाग सूत्र लागतं. हे सगळं स्वतः लिहीत बसू नका. कर्नेलमध्ये 'वर्ड ॲट अ टाइम' नावाची हेडर फाइल प्रत्येक आर्किटेक्चरसाठी तयार आहे, तीच वापरा.

खरा धोका वाचनाच्या मर्यादेत आहे. आठ बाइट एकदम वाचताना स्ट्रिंग संपल्यानंतरचेही काही बाइट वाचले जातात. पत्ता ८ च्या पटीत असेल तर हे वाचन पानाची (कर्नेल मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटतो त्यातल्या एकाची) हद्द कधीच ओलांडत नाही, कारण पानाचा आकार ८ ने भागला जातो. पत्ता तसा नसेल आणि स्ट्रिंग पानाच्या शेवटाजवळ असेल, तर वाचन पुढच्या पानात जातं. ते पान मॅप केलेलं नसलं की कर्नेलमध्ये फॉल्ट, कधी पॅनिकही. ही चूक वर्षभर लपून राहू शकते, कारण बहुतेक वेळा पुढचं पान मॅप केलेलंच असतं. तेव्हा स्ट्र-एन-लेनची रचना अशी ठेवा:

पत्ता वर्डच्या पटीत येईपर्यंत एकेक बाइट तपासा, ६४ बिटांवर जास्तीत जास्त ७. मग मर्यादेत अख्खा वर्ड मावतो तोवर वर्डवार चला. शेवटी उरलेले ७ पर्यंतचे बाइट पुन्हा एकेक. वर्डचा आकार ८ असा ठोकून लिहू नका, साइझऑफ लाँग घ्या. पान ४०९६ चं असंही धरू नका: पाय ५ चा नेहमीचा कर्नेल १६ केबीच्या पानांवर चालतो.

कॉपीत स्रोत आणि ठिकाण अशा दोन पत्त्यांचा प्रश्न असतो आणि दोन्ही एकाच वेळी पटीत येतीलच असं नाही. लिनक्सची स्ट्र-एस-कॉपी काय करते ते बघण्यासारखं आहे. प्रोसेसरला वेडेवाकडे पत्ते झेपत असतील तर ती वर्डवार चाल स्रोताच्या पानाच्या शेवटापर्यंतच चालू ठेवते. झेपत नसतील आणि दोहोंपैकी एक जरी पत्ता पटीत नसेल तर वर्डवार चाल पूर्ण बंद करून एकेक बाइटने जाते. म्हणून बफर ८ च्या पटीत अलाइन केल्याने कोडची एक ओळ न बदलता फायदा मिळू शकतो. आणखी एक परिणाम: शून्य सापडलेला शेवटचा वर्ड ती अख्खा लिहिते, म्हणजे खणाच्या मर्यादेतच, पण शून्याच्या पुढेही सात बाइटांपर्यंत शून्य पडू शकतात. तिथे जुनं काही जपून ठेवायचा विचार असेल तर सोडा. आणि सगळी शेपूट शून्यांची झाली असंही समजू नका.

केएसॅन (मेमरीतलं हद्दीबाहेरचं वाचन-लेखन पकडणारी कर्नेलची तपासणी) चालू असताना हे जास्तीचं वाचन चूक म्हणून पकडलं जातं. 'रीड वर्ड ॲट अ टाइम' या नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे, ते फक्त पहिल्या बाइटची तपासणी करून पूर्ण वर्ड वाचतं. केएसॅन बंद करून 'आता रिपोर्ट येत नाही' म्हणणं हा उपाय नव्हे.

आणि १२ बाइटांच्या नावाला या सगळ्याचा काय उपयोग? नाव पटीपासून तीन बाइट पुढे सुरू होत असेल तर पाच बाइट एकेक आणि मग एक वर्ड, मर्यादा पुरेशी असेल तर. तेराच्या जागी सहा तपासण्या, पण वर्डची तपासणी महाग, कोड लांब, ब्रँच जास्त. हाती फारसं काही लागत नाही. लहान नावांच्या ड्रायव्हरमध्ये साधा लूपच ठेवा.

कंपायलरची एक गंमत इथेच सांगायला हवी. तुम्ही मेम-सेट (बफर एकाच बाइटने भरणारं फंक्शन) स्वतः लिहिताय, साधा लूप आहे. कंपायलर तो ओळखतो, 'हे तर मेम-सेट आहे' म्हणून लूपच्या जागी मेम-सेटचाच कॉल टाकतो, आणि फंक्शन स्वतःलाच बोलावत बसतं. स्टॅक संपेपर्यंत. लिनक्समध्ये लिब फोल्डरमधली स्ट्रिंग फाइल यासाठीच 'फ्रीस्टँडिंग' फ्लॅगने कंपाइल होते. तुमची फाइल वेगळी असेल तर तोच फ्लॅग तिच्या मेकफाइलमध्ये टाका, आणि ऑब्जडम्पने मशीन कोड उघडून स्वतःच्याच नावाचा कॉल दिसतो का ते डोळ्यांनी बघा.

निऑन, एव्हीएक्स वगैरे वेक्टर सूचना (एका फटक्यात अनेक बाइटांवर काम करणाऱ्या) यूजर-स्पेसच्या लायब्ररीत झकास चालतात. कर्नेलमध्ये त्या वापरण्याआधी चालू प्रोग्रामचे रजिस्टर जपावे लागतात: ६४ बिटांच्या आर्मवर ३२ रजिस्टर, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे ५१२ बाइटांची उचलठेव. १५ बाइटांच्या नावासाठी हा सौदा कोणी करू नये. आर्म ६४ च्या कर्नेलात स्ट्र-लेन, स्ट्र-एन-लेन, मेम-सी-एच-आर यांची हाताने लिहिलेली असेंब्ली आधीच आहे. तुमच्या बोर्डला ती मिळत असेल तर वरची करामत पुन्हा लिहिण्याची गरजच नाही.

कापलेलं मराठी नाव

मर्यादा बाइटांत मोजली जाते, अक्षरांत नाही. 'हिंगणघाट' म्हणजे आठ चिन्हं, २४ बाइट. २४ च्या खणात शून्यासाठी एक सोडला की २३ उरतात: सात चिन्हं आणि वर दोन लटकते बाइट. फाइल वाचणारा प्रोग्राम तिथे चौकोन दाखवेल किंवा अख्खी ओळच नाकारेल. प्रोसेसच्या नावाचा खण १६ चा आहे, तिथे १५ बाइटांत नेमकी पाच चिन्हं बसतात, म्हणून तो घोटाळा दिसत नाही आणि लोक निर्धास्त राहतात. देवनागरीसाठी खण ३ च्या पटीहून एकने मोठा ठेवा: २५, ३१, ४९. स्पेस किंवा रोमन अक्षर आलं की हेही गणित मोडतं. तेव्हा स्ट्र-एस-कॉपीने ई-टू-बिग दिल्यावरच, फक्त त्याच वाटेवर, शेवटापासून मागे चला: बाइटचे वरचे दोन बिट १० असतील तोवर एकेक मागे, मग सुरुवातीचा बाइट सापडला की चिन्ह पूर्ण आहे का बघा, नसेल तर तिथेच शून्य टाका. जास्तीत जास्त तीन पावलं. नेहमीच्या वाटेवर याचा काहीच खर्च नाही.

तपासणी

एक पान व्हीमॅलॉकने (कर्नेलमध्ये मेमरी मागण्याचं फंक्शन) घ्या. त्याच्या लगेच पुढे कर्नेल एक मोकळं, मॅप न केलेलं पान ठेवतो. स्ट्रिंगचा शेवटचा शून्य पानाच्या अगदी शेवटच्या बाइटवर येईल अशी ठेवा. हद्दीबाहेर एक बाइट जरी वाचला तर तिथल्या तिथे फॉल्ट येतो. वर्षभर लपणारी चूक अशी मिनिटात उघडी पडते.

मग सगळे मेळ: ऑफसेट ० ते ७, लांबी ० ते ४०, मर्यादा ० ते ४८. एकूण १६,०७२ प्रकार, मिनिटभरही लागत नाही. प्रत्येकासाठी मजकूर वेगवेगळ्या बाइटांनी भरून बघा, ०१, ७एफ, ८०, एफएफ आणि ई०, आणि उत्तर साध्या एकेरी लूपच्या उत्तराशी ताडा. मर्यादा ० आणि लांबी इतकीच मर्यादा, हे दोन प्रकार सगळ्यात जास्त नापास होतात. केयूनिटमध्ये (कर्नेलच्या टेस्ट-चौकटीत) बसवलं तर हीच टेस्ट लॅपटॉपवर बोर्डशिवाय चालते. एकदा केएसॅन लावून, एकदा न लावता चालवा.

कंपाइल करताना लाइन गेली तर अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल राहते. कधी ती शून्य बाइटांची असते आणि तिची वेळ नवी असल्यामुळे मेक तिला तयार समजतं. मग लिंक करताना कुठलं तरी फंक्शन सापडत नाही म्हणून तक्रार येते आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. लाइन आल्यावर आधी शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली फाइंडने शोधून पुसा. पूर्ण इतिहासासकट कर्नेलचा साठा उतरवण्यात मोबाइलचा डेटाही घालवू नका, उथळ क्लोन किंवा एका आवृत्तीची टारबॉल पुरते, आणि एकाच फाइलवर काम असेल तर मेकला त्या एकाच ऑब्जेक्टचं नाव द्या.

बदल (पॅच) कर्नेलच्या देखभाल करणाऱ्यांकडे पाठवण्याआधी चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा. स्ट्र-कॉपी, स्ट्र-एन-कॉपी, स्ट्र-एल-कॉपी दिसल्या की ते स्वतःच बोट दाखवतं. पॅचच्या मजकुरात बोर्ड, घड्याळाची वारंवारता, कंपायलरची आवृत्ती, लांब्यांचा हिस्टोग्राम आणि आधीचं-नंतरचं मधलं माप लिहा. नुसतं 'वेग वाढला' लिहिलेला पॅच देखभाल करणारा परत पाठवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.